सासर पाचोरा, माहेर चाळीसगाव

आमच्या खान्देशात लग्नाच्या मांडवात एक टेबल असतं. टेबलावर वही, वहीमागे लिहिणारा, आणि त्याच्या शेजारी माईक धरून उभा असलेला एक माणूस. तुमचं सगळं लक्ष वरण-बट्टीच्या पंगतीकडे असतं, त्यामुळे तुम्ही त्याला नीट पाहिलेलं नसेल. पण ऐकलं नक्की असेल. कोणी कुठून येऊन काय आहेर केला, हे तो साऱ्या मांडवाला ओरडून सांगतो. तो माणूस मी. धुळ्यात माझं लाउडस्पीकर भाड्याने द्यायचं छोटं दुकान आहे, आणि गेली अठ्ठावीस वर्षं मी लग्नांत आहेर पुकारत आलो आहे.

नुसतं नाव वाचणं म्हणजे शाळेतली हजेरी. ते कोणीही करील. मी नावाला गाव जोडायचो, गावाला घर, घराला नातं. 'नवरीचे थोरले मावसे, मुक्काम पारोळा, किल्ल्याच्या अंगाला ज्यांचं घर आणि ज्यांच्या दारातून आजवर कोणी चहा घेतल्याशिवाय गेलेलं नाही, अशांकडून एकावन्न रुपये!' असं म्हटलं की मावसे ताठ व्हायचे, मावशी पदर सावरायची, आणि ज्याने खिशात एकवीस काढून ठेवलेले असायचे तो हळूच पुन्हा खिशात हात घालायचा. माझ्या आवाजाने किती खिसे हलके केले, त्याचं पाप-पुण्य वरचा बघेल. मला मात्र त्यात फार मजा येत असे.

पण ही कला मी मजेत शिकलो नाही. पहिल्याच वर्षी माझ्याकडून एक आहेर राहिला होता. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावातून एक म्हातारबाबा आले होते, दोन बस बदलून. त्यांनी अकरा रुपये दिले, लिहिणाऱ्याने लिहिले, आणि गडबडीत मी पुढच्या नावावर गेलो. पंगती उठल्या, वरात गेली, तरी ते टेबलाजवळच उभे. जेवलेही नव्हते. मला म्हणाले, "मना आहेर पोचना नही का?" मी म्हटलं, बाबा, हा बघा वहीत लिहिलाय. ते म्हणाले, "लिहेलं कोन वाचस?"

मी पुन्हा माईक सुरू केला. समोर मांडवात भांडी घासणाऱ्या दोन बाया आणि एक कुत्रं. त्यांच्यासमोर मी बाबांचं नाव, गाव आणि अकरा रुपये पुकारले. बाबांनी मान खाली घालून ऐकलं, हात जोडले, आणि मग जाऊन उरलेल्या बट्ट्या खायला बसले. त्या दिवशी मी मनाशी ठरवलं, की पुकारलं नाही तर दिलेलं पोचत नाही. पुढची सगळी वर्षं मी या एका गोष्टीवर जगलो. आता सांगणार आहे तो घोळही याच गोष्टीतून झाला.

अलीकडे लग्नपत्रिकेच्या तळाशी 'कृपया आहेर आणू नये' असं छापायला लागले. जिथे आणायचा तिथेही टेबलावर क्यूआर कोड चिकटवलेला. लोक मोबाईल दाखवतात, मोबाईल टुण्ण करतो, झाला आहेर. माझ्या हातातून माईक कोणी काढून घेतला नाही, फक्त तो हातात द्यायला कोणी येईनासं झालं.

अशा दिवसांत आमची मुलगी जळगावचं कॉलेज संपवून घरी आली. वय चोवीस. बरोबर शिकवण्या घेऊन साठवलेल्या पैशांचा एक कॉम्प्युटर. तिने जाहीर केलं, की ती व्हिडिओ गेम खेळणार, ते लोक मोबाईलवर थेट बघणार, आणि त्यातून तिला पैसे मिळणार. मी दोन दिवस हसलो. तिसऱ्या दिवशी हा विनोद मी एका साखरपुड्यात वापरलासुद्धा. मग एके सकाळी घरात नवा मिक्सर आला. तिने आईसाठी स्वतःच्या कमाईतून आणला होता. चटणी फार बारीक व्हायला लागली, आणि माझं हसणं थांबलं.

खेळ असा, की विमानातून शंभर माणसं एका बेटावर उड्या मारतात, बंदुका गोळा करतात आणि एकमेकांना मारतात. शेवटी जो उरेल तो जिंकला. मुलगी वरच्या खोलीत दुपारी दोन ते पाच खेळायची. संध्याकाळ मोठमोठ्या नावाजलेल्या खेळाडूंची, तेव्हा आपल्याकडे कोण येणार, असं तिचं गणित. दुपारी मात्र रिकामी दुकानं, रिकामी घरं आणि जागे डोळे खूप असतात. ती चेहरा दाखवत नसे, फक्त आवाज. बघणारे बाजूच्या चॅटमध्ये लिहायचे, आणि ज्याला वाटेल तो एक बटण दाबून दहा-वीस रुपये पाठवायचा. पैसे पाठवणाऱ्याचं टोपणनाव पडद्यावर चमकायचं. चॅटच्या अगदी वर तिने एक सूचना लावून ठेवली होती: गाव, आडनाव, वय विचारू नये.

मला ती सूचना वाचून हसू आलं होतं. माणसाचं गाव विचारायचं नाही तर मग त्याच्याशी बोलायचं तरी काय?

एप्रिलातली गोष्ट. उन्हामुळे दुकान दुपारी बंदच असे. मी तिला लिंबाचं सरबत द्यायला वर गेलो. पडद्यावर तिच्या माणसाला तिघे घेरून गोळ्या घालत होते. तेवढ्यात कोणीतरी 'उपाशी बिबट्या' नावाने वीस रुपये पाठवले. ती खेळता खेळता पुटपुटली, "थँक यू, बिबट्या." बस्स. एवढंच. वीस रुपयांचा आहेर आणि एवढंच!

मी ग्लास ठेवला, वाकलो, आणि माईकमध्ये म्हणालो, "जंगलचे राजे नसले तरी जंगलचे जावई, पोटाने उपाशी पण मनाने भरलेले, श्रीमान बिबटे, यांच्याकडून खेळाडूस रोख वीस रुपये. यजमान आभारी आहेत, बिबट्यांनी जेवल्याशिवाय जाऊ नये!"

मुलगी हसली आणि तिचा माणूस मेला. चॅट मात्र उसळलं. हा कोण, हा कोण, पुन्हा बोलवा. बिबट्याने आणखी वीस पाठवले. मग कोणी 'लंगडा घोडा' आला, कोणी 'केळीचा घड'. संध्याकाळपर्यंत लोकांनी माझं नाव 'आबा' ठेवलं. बावन्नाव्या वर्षी मला आबा केलं. रागवायला हवं होतं; मी जिन्यावरून शीळ घालत खाली उतरलो.

तेव्हापासून आमची जोडी जमली. ती खेळायची, मी पुकारायचो. लोक खेळासाठी येत होते की स्वतःला पुकारून घ्यायला, हे सांगणं अवघड झालं. आपण होऊन गाव लिहायचे: 'आबा, चाळीसगाव म्हणा', 'आबा, शिरपूर राहिलं'. मी मुलीला समजावलं, की ती वरची सूचना काढ, लोकांनाच आवडतंय. ती काही दिवस नाही म्हणाली. मग काढली, पण बजावून काढली. "ज्याला सांगायचं त्याने सांगावं. आपण विचारायचं नाही आणि कोणाचं सांगायचं नाही." मी मान डोलावली. दिवाळीपर्यंत वरच्या खोलीत एसी बसला. मी दोन नवे कुर्ते शिवले आणि ते घालून माईकसमोर बसू लागलो, जिथे मला कोणीही बघत नव्हतं.

बघणाऱ्यांत एक होती 'झोपेल वाघीन'. आमच्या बोलीत झोपेल म्हणजे झोपलेली. रोज तीनला यायची, चारला जायची. कधी दहा रुपये, बहुतेकदा काहीच नाही. पण खेळायची अशी, की मुलगी तिला आपल्या बाजूने खेळायला घ्यायची आणि दोघी मिळून अर्धं बेट रिकामं करायच्या. वाघीण बोलायची नाही, फक्त लिहायची. मला वाटायचं, कोणी कॉलेजातला पोरगा असेल, उगाच बाईचं नाव घेतलेला.

एकदा जेवताना मुलीनेच सांगितलं. ती खरंच बाई होती. लग्नाला पाच वर्षं झालेली. घरी ब्लाउज शिवायची. दुपारी घर झोपलं की दार लोटून घ्यायची, एका कानात इयरफोन, दुसरा कान घरासाठी मोकळा. घरच्यांना वाटायचं, सून झोपली आहे. सासर पाचोरा, माहेर चाळीसगाव. दिवसातला तो एक तास तिचा होता. तो कोणी दिलेला नव्हता, तिनेच कुठूनतरी कापून काढला होता, कापड बेतताना तुकडा वाचवतात तसा. मुलगी म्हणाली, "पप्पा, हे तिने मला एकटीला सांगितलंय. आपल्यातच राहू द्या."

मी म्हटलं, हे काय सांगायला पाहिजे? आणि मी खोटं बोललो नव्हतो. त्या क्षणी मला खरंच तसं वाटत होतं.

पुढच्या महिन्यातली दुपार. नेहमीच्या दुप्पट माणसं बघत होती आणि मी रंगात होतो. सव्वातीनला पडद्यावर वाघीण चमकली. एकावन्न रुपये. इतके तिने कधीच पाठवले नव्हते. खाली एक ओळ होती: 'आज माझा वाढदिवस. घरात कोणाच्या लक्षात नाही.'

आता मला सांगा, अठ्ठावीस वर्षं पुकारणाऱ्या माणसाने काय करावं? माझ्यासमोर ते सातपुड्याचे बाबा उभे राहिले, रिकाम्या मांडवात, न जेवता. ही बाई दिवसभर दुसऱ्यांचे काठ शिवते, स्वतःच्या वाढदिवसाला स्वतःच आहेर करते, आणि तो पुकारायलाही कोणी नाही? मी उभा राहिलो. माईक तोंडाशी घेतला. आणि आयुष्यातला सगळ्यात सुंदर आहेर पुकारला.

"सासर पाचोरा, माहेर चाळीसगाव! जिच्या हातचा ब्लाउज घातला की बाई दोन वेळा आरशात बघते, घर झोपलं की जी जागी होते आणि शंभरांना एकटी लोळवते, अशा आमच्या वाघिणीकडून, तिच्याच वाढदिवसानिमित्त, रोख रुपये एकावन्न!"

मुलीचा हात माऊसवरून उठलेला मी पाहिला. तिने एक बटण दाबलं आणि आमचा आवाज बंद झाला. तिचा माणूस बेटावर उघड्यावर उभा राहिला आणि कोणीतरी त्याला सावकाश मारलं. मी अजून टाळ्यांची वाट बघत होतो. टाळ्या आल्याही. चॅटमध्ये फुलं, केक, शुभेच्छा. आणि त्यामधून वर सरकणाऱ्या ओळी: 'पाचोऱ्यात कुठे?' 'ब्लाउजवाली म्हणजे आमच्या मागच्या गल्लीतली तर नाही?' 'तिचं माहेर चाळीसगावच आहे.' 'अरे, ती तर दुपारी झोपते म्हणतात.' मग हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग.

वाघीण तेवढ्यात निघून गेली होती. पाच वाजेपर्यंत माझ्या आवाजाचा तो तुकडा कोणीतरी कापून पाचोऱ्याच्या ग्रुपांवर टाकला होता.

मुलीने चॅटच्या वर जुनी सूचना पुन्हा लावली आणि म्हणाली, "पप्पा, उद्यापासून तुम्ही खाली बसा."

चौथ्या दिवशी तिला कोणा दुसऱ्याच नंबरवरून निरोप आला. ताई, फोन सासूबाईंनी कपाटात ठेवला आहे. किल्ली त्यांच्याकडे. मी आता येणार नाही. हा माझ्या बहिणीचा फोन आहे, यावर लिहू नका. तुमच्या पप्पांचा मला राग नाही. मुलीने तो मला वाचायला दिला आणि परत घेतला. ते शेवटचं वाक्य नसतं तर मी कदाचित चार दिवसांत विसरलो असतो. माझा स्वभाव मला माहीत आहे.

मला वाटलं, जाऊन समजावावं. मुलगी म्हणाली, अजिबात नको, तुम्ही तिच्या दारात उभे राहिलात तर पुन्हा पुकारल्यासारखंच होईल. तिचं बरोबर होतं. म्हणून मी तिला सांगितलंच नाही. बायकोला तयार केलं, तिचे दोन ब्लाउज पीस पिशवीत घातले आणि सकाळच्या गाडीने चाळीसगाव, तिथून पाचोरा. योजना माझीच. बायकोने गिऱ्हाईक म्हणून आत जायचं, माप द्यायचं, वाघीण बरी आहे का बघायचं, जमलं तर सासूशी दोन गोड शब्द. मी नुसता सोबतीला. तोंड उघडायचं नाही. रस्ताभर बायको हसत होती. म्हणाली, "तुम्ही गप्प बसणार, हे बघायलाच मी येतेय."

घर शोधायला त्रास पडला नाही, आणि तेच वाईट वाटलं. कापडाच्या दुकानात बायकोने ब्लाउज शिवणारी विचारली, तर गल्ल्यावरच्या माणसाने दात काढले. "वाघीण का? सरळ जा, उजव्या हाताला."

ओट्यावर सासूबाई हरभऱ्याची डाळ निवडत बसल्या होत्या. साठीच्या, काटक. कमरेला किल्ल्यांचा जुडगा. आतून शिलाई मशीनचा आवाज येत होता. बायको आत गेली. मला त्यांनी ओट्यावर सतरंजी टाकून दिली, पाण्याचा तांब्या पुढे केला. मी पाणी प्यालो. त्यांनी आणखी विचारलं. मी म्हटलं, "नको अक्का, पुरे झालं."

एवढे चार शब्द. अगदी हळू.

त्यांचा हात डाळीतच थांबला. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "आवाज आयकेल शे."

आत मशीन थांबलं.

मी आयुष्यात खूप माणसांना बोलून गुंडाळलं आहे. रुसलेले व्याही, बिल न देणारे यजमान. इथे मी फक्त म्हणालो, की चूक माझी आहे, तिची नाही, तिचा फोन तिला द्या. मला वाटलं, आता त्या खेळावरून बोलतील, पैशांवरून बोलतील. दोन्ही नाही.

"बठ्ठी गल्लीनी आयकं," त्या म्हणाल्या, "मंग मी आयकं. मनाच घरनी गोट, अन् सगळ्यास्ना मांगून मी." त्यांच्याच घरची गोष्ट, आणि ती साऱ्या गल्लीनंतर त्यांना कळली होती. मग थोडा वेळ डाळ निवडली. "गल्लीना पोऱ्हेस्ले मी चूप करेल शे, सून झोपेल शे म्हनीसन. रोज."

पाच वर्षं त्या बाईने दुपारी गल्लीतल्या मुलांना ओरडून गप्प केलं होतं, थकलेल्या सुनेची झोप मोडू नये म्हणून. आणि आता तीच मुलं तिच्या ओट्यासमोरून 'घर झोपलं की जी जागी होते' असं माझ्या आवाजात ओरडत पळत होती. एक तर आमच्यासमोरूनच गेला. माझी नक्कल चांगली करत होता.

मी पुन्हा फोनचं विचारलं. त्यांनी किल्ल्यांना हात लावला आणि पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "तुम्हीच पुकारं, आते तुम्हीच उलटं पुकारा. ती आमनी सून नव्हती, असं बठ्ठास्ले सांगा. मंग बघसू."

म्हणजे सगळ्यांना उलटं सांगायचं. मग बघू, एवढंच त्या म्हणाल्या. देईन म्हणाल्या नाहीत. मी ते तेव्हाच ऐकलं होतं, पण नीट ऐकलं नाही. बायको माप देऊन बाहेर आली. वाघीण दारापर्यंत आली नाही.

परतीच्या गाडीत मी गावं आठवत बसलो. कुठल्या गावाचं नाव घ्यावं, म्हणजे पाचोऱ्यावरून बोट हटेल? अठ्ठावीस वर्षांत मी एकही खोटा आहेर पुकारलेला नव्हता. यजमानाने कानात सांगितलं तरी नाही. फुगवायचो, पण नसलेला माणूस उभा करायचो नाही. तरीही आता करायला मी तयार होतो, फक्त गाव ठरत नव्हतं.

घरी मुलीला सगळं सांगावं लागलं. ती आधी रागावली, मग बराच वेळ ओढणीच्या टोकाने पडदा पुसत बसली, जो स्वच्छच होता. मी म्हटलं, नंदुरबारकडचं एखादं गाव घेतो.

"तिथेही कोणीतरी ब्लाउज शिवत असेल, पप्पा."

"मग?"

"म्हणा, अशी बाई नाहीच. आपणच बनवली होती. पैसेही आपलेच."

मी म्हटलं, अगं, मग आपण लबाड ठरू. लोक म्हणतील, स्वतःच पैसे टाकतात आणि दुसऱ्यांकडून काढतात.

"हो," ती म्हणाली. तो एसी, तो मिक्सर, पुढच्या वर्षी पुण्याला जाऊन करायचा कोर्स, सगळं त्या 'हो'मध्ये होतं, आणि तिने तो फार पटकन म्हटला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला तिने मला खुर्ची दिली. चॅटने आबा आले, आबा आले केलं. मी साधा कुर्ता घातला होता. बसूनच बोललो. म्हणालो, की एक दुरुस्ती आहे. त्या दिवशीचे वाढदिवसाचे एकावन्न रुपये माझेच होते. पाचोरा, चाळीसगाव, ब्लाउज, सगळं माझ्या डोक्यातलं. लोकांनी जास्त द्यावं म्हणून मी तशी एक बाई रचली. तशी कोणी नाही. ज्यांना फसवलं गेल्यासारखं वाटतं, त्यांचं बरोबर आहे.

त्या दोन मिनिटांत माझ्या आवाजात काहीच नव्हतं. म्हणूनच बहुधा लोकांचा विश्वास बसला. आधी कोणीतरी हसलं, मग शिव्या सुरू झाल्या. 'उपाशी बिबट्या', ज्याचा आहेर मी इथे सगळ्यात आधी पुकारला, त्याने लिहिलं, 'आबा, माझे तरी खरे होते का, का मीपण तुमच्याच डोक्यातला?' मला उत्तर द्यायचं होतं. मुलीने माझ्या मनगटावर हात ठेवला. मी उठलो आणि खाली आलो.

त्यानंतर पंधरा दिवसांत बघणारे निम्म्यावर आले. पाठवणारे तर बोटांवर मोजण्याइतके. आणि मीही सुटलो नाही. हा तुकडाही फिरला. अमळनेरकडच्या एका लग्नात, तसं वर्षात एखादं मिळतं हल्ली, मी टेबलाशी उभा राहिलो, तर मुलाचे काका जवळ येऊन उभे. मी प्रत्येक नाव पुकारायच्या आधी ते वहीत वाकून बघत. मग मागे वळून लोकांना मान डोलावत, की हो, हा खरा आहे. लोक हसत होते. मीही हसलो. मांडवात पुकारणाऱ्याने रडू नये.

मुलीने पुण्याचा कोर्स पुढे ढकलला. त्याबद्दल ती बोलत नाही आणि मी विचारत नाही. न विचारायला शिकतो आहे. ती रोज दोनला बसते. पैसे आले की ती स्वतःच आभार मानते, टोपणनाव घेऊन, जेवढं लिहिलंय तेवढंच. मी जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसून ऐकतो. तीन वाजले की कान टवकारतो. वाघीण येत नाही.

मागच्या आठवड्यात पाचोऱ्याहून निरोप आला, ब्लाउज तयार आहेत. या वेळी बायको एकटीच गेली. मला मनाई होती, दोघींचीही. मी दुकानात बसलो, चार वेळा स्टेशनवर चक्कर मारून आलो. बायको उतरली तशी मी पिशवी तिच्या हातातून घेतली आणि दोन्ही ब्लाउज झटकून बघितले. चिठ्ठी नाही, काही नाही. टाके सुरेख होते.

मग रिक्षात मी तिची उलटतपासणी घेतली. सासू काय म्हणाली? चहा दिला. आपल्या त्या दुरुस्तीबद्दल? काही नाही. पोरं ओरडत होती? एक-दोन, कमी झालीत. आणि ती? ती मशीनवर होती, शिलाईचे पैसे तिनेच हातात घेतले. चेहरा कसा होता? अहो, कामात होती.

"फोन?" मी विचारलं.

"होता एक. मशीनच्या टेबलावर, कात्रीशेजारी. पालथा ठेवलेला."

मी तिच्याकडे वळलो. "तिचा होता की सासूचा?"

"मला काय माहीत?"

"कव्हर कुठल्या रंगाचं?"

"मी ब्लाउजची बाही बघत होते," बायको म्हणाली, "कव्हर नाही."

मी तिच्यावर चिडलो. एवढ्या लांब गेलीस, एवढं दिसत होतं, एक रंग बघता आला नाही? विचारता आलं नाही, की बाई, हा फोन कोणाचा? बायकोने रिक्षाच्या बाहेर बघितलं आणि शांतपणे म्हणाली, "तिच्या घरात उभं राहून मी हे विचारायला हवं होतं?"

घर येईपर्यंत मी त्या दोन ब्लाउजच्या घड्या पुन्हा घालत राहिलो. वर मुलगी खेळत होती. तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. मी तिसऱ्या पायरीवर जाऊन बसलो.